आठ हातांची पाहुणी

माझ्या विषयात दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा परीक्षेलाच न बसलेला एक विद्यार्थी आज दोन ट्रॉलरचा मालक आहे. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरात त्याला सगळे शेठ म्हणतात. माझ्या विषयात पहिल्या वर्गात आलेले विद्यार्थी सध्या काय करतात असं कोणी विचारलं, तर मी चहा टाकायला आत जाते. हा गृहस्थ मात्र मला विसरलेला नाही. मी त्याला पास केलं असतं तर तोही आज कुठेतरी तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत बसला असता, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या उपकाराची फेड म्हणून जाळ्यात काही विचित्र आलं की तो मला फोन करतो.

बहुतेक वेळा ते विचित्र म्हणजे काहीतरी कुजलेलं असतं. एकदा त्याने मोठ्या कौतुकाने आणून दाखवलेला समुद्री जीव म्हणजे कुणाच्या तरी बोटीवरून पडलेला बाथरूमचा स्पंज होता. त्यामुळे एका शनिवारी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी पर्स खांद्याला लावून घरी निघाले होते आणि थांबायची मला अजिबात इच्छा नव्हती.

"मॅडम, कॉलेजात आहात ना? येतोय. जाळ्यात काय तरी गावलंय. खलाशी हात लावायला तयार नाय."

तो थर्माकोलची पेटी घेऊन आला. बर्फावर फणसाच्या कोवळ्या कुयरीएवढा एक गोळा पडला होता. खाली थोटकं, जाड खोड आणि वर कोकमाच्या आगळासारख्या रंगाचा गुबगुबीत माथा. माथ्यावर बोटाच्या पेराएवढ्या नळ्या होत्या, काही आत ओढलेल्या, काही अर्धवट बाहेर. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक नळीच्या तोंडाशी आठ बारीक, पिसासारखे हात.

मऊ प्रवाळ होतं ते. पण किनाऱ्याजवळ मिळतं तसलं नव्हे. ऊन जिथे पोचत नाही अशा खोलीतलं. अशी चित्रं मी पुस्तकात पाहिली होती, इतरांनी काढलेली, इतरांच्या समुद्रातली. मी पर्स खाली ठेवली.

"खातात काय हे?" त्याने विचारलं.

"नाही."

"औषधी आहे?"

"माहीत नाही."

"मग कामाचं काय?"

"तुला नापास केलं ते उगीच नाही," मी म्हटलं. "कुठे मिळालं?"

तो वर पंख्याकडे बघायला लागला. "बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"लांब बाहेर."

"खोली किती होती?"

"खोल होतं, मॅडम."

समुद्रातली माणसं आपली कोळंबीची जागा सख्ख्या भावाला सांगत नाहीत, मास्तरणीला कुठून सांगणार? तो विषय मी तात्पुरता सोडून दिला, कारण त्याहून मोठी अडचण समोर उभी होती. हा जीव शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायला हवा होता. आमच्या प्रयोगशाळेत अल्कोहोल आहे, नाही असं नाही. पण त्याला सरकारी परवाना लागतो, म्हणून ते कुलपात असतं. ते कुणी पिऊ नये म्हणून त्या कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे असते, आणि हेडक्लार्क प्रशिक्षणाला चिपळूणला गेले होते. किल्लीही प्रशिक्षण घेत होती.

मी पेटी स्कूटरला बांधली आणि घरी आले. आमच्या यजमानांची हापूसची बाग आहे, आणि आंब्याला न लागणारी कोणतीही गोष्ट ते थट्टेवारी नेतात. फळीवर मागे त्यांची एक पांढऱ्या दारूची बाटली असते. ती ते स्वतःसाठी नव्हे, तर पाहुण्यांसाठी ठेवतात असं गेली कित्येक वर्षं मला सांगण्यात आलं आहे. मी ती लोणच्याच्या मोठ्या बरणीत ओतली आणि त्यात तो गोळा सोडला.

"अगो, काय करत्येस काय!" ते बागेतून आले ते थेट स्वयंपाकघरात. "पाहुण्यांची बाटली होती ती!"

"पाहुणीच आली आहे," मी म्हटलं.

त्यांनी बरणीत बराच वेळ पाहिलं. "हिला सोडा नको?" एवढंच विचारलं आणि हातपाय धुवायला गेले.

दारू काही खरं औषध नव्हे, पण कुजण्यापासून दोन दिवस तिने वाचवलं. सोमवारी हेडक्लार्क किल्लीसह परतले, तेव्हा मोठा गोळा मी कॉलेजात नेऊन नीट अल्कोहोलमध्ये ठेवला. एक अंगठ्याएवढा तुकडा तपासायला म्हणून कापून घेतला होता. तो छोट्या बाटलीत, त्याच दारूत, घरच्या फ्रिजच्या दारात, चटणीशेजारी राहिला. ह्यात माझी दूरदृष्टी वगैरे नव्हती. आळस होता.

ह्या प्राण्यांची ओळख चेहऱ्यावरून पटत नाही. त्यांच्या मांसात चुन्याच्या अतिसूक्ष्म काड्या असतात. मांस ब्लीचमध्ये विरघळवायचं, खाली उरलेला पांढरा गाळ धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कुणाच्या काड्या गदेसारख्या, कुणाच्या काटेरी, कुणाच्या अधिकच्या चिन्हासारख्या. जातीची ओळख ती. आमच्याकडच्या खिडकीजवळच्या, जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या काड्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा तास सुरू झाल्याची घंटा झाली होती आणि मी उठले नाही. आतापर्यंतच्या कोणत्याच चित्राशी त्या जुळत नव्हत्या. टोकाला एका बाजूला पानासारखं पसरट काहीतरी होतं. मी पंचविसेक वर्षं मुलांना बेडूक फाडून दाखवला, मग बेडूक बंद झाला म्हणून झुरळ फाडून दाखवलं. कोणी कधीही न पाहिलेलं काहीतरी आपण पाहतो आहोत, हे माझ्या नोकरीत बसत नव्हतं.

ह्या गटातलं कळणारी माणसं साऱ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली निम्मी एकमेकांशी बोलत नाहीत असं ऐकून होते. त्यातल्या एका परदेशी म्हाताऱ्या तज्ज्ञांना मी फोटो पाठवले. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अत्यंत सभ्य. फोटोंबद्दल आभार, फोटो फार वाईट आहेत, ही जात एका जुन्या जर्मन ग्रंथात बहुधा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच वर्णिलेली असावी आणि तो ग्रंथ आपल्या ग्रंथालयात अर्थातच असेल.

आमच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं आहेत. ग्रंथ इंटरनेटवर सापडला. मला जर्मन येत नाही, म्हणून मोबाइलला मराठी करायला लावलं. मोबाइलच्या मते त्या प्राण्याचं "खोड लाजाळू असून डोकं समाधानी" होतं. तरीही चित्रं होती, आणि त्यातल्या काड्यांना पान नव्हतं. मी तसं कळवलं. म्हाताऱ्यांनी लिहिलं, "तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही." एवढ्या उत्साहाने कोणी माझ्याशी बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी पुढे लिहिलं की संपूर्ण वसाहत, म्हणजे तो अख्खा गोळा, सांभाळा, सगळी मदार तिच्यावर आहे.

मी सांभाळली असती. पण तेवढ्यात पुण्याला भाच्याचं लग्न निघालं आणि मी रजेवर गेले. माझ्या मागे कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती.

मूल्यांकन समिती येते तेव्हा आमच्या कॉलेजात वर्षानुवर्षं नसलेल्या गोष्टी उगवतात. कुंड्या येतात, सूचनापेटी येते, सूचनापेटीत सूचनाही येतात. ह्या खेपेला प्राचार्यांना प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात "काहीतरी दमदार" हवं होतं. आमचे प्राचार्य हे अर्थशास्त्राचे. माणूस वाईट नाही, फक्त त्यांना जगातली प्रत्येक वस्तू भिंतीवर कशी दिसेल एवढंच दिसतं. त्यांनी माझ्या कपाटातून तो गोळा काढवला, मोठ्या काचेच्या बरणीत घातला, वरून फॉर्मॅलिन ओतवलं आणि ती बरणी दोन डोकी असलेल्या वासराच्या फोटोशेजारी मांडली. खाली सोनेरी कागदावर लिहिलं: समुद्रपुष्प, अतिदुर्मीळ.

लग्न आटपलं, मग बहिणीने ठेवून घेतलं, मग मला ताप आला. मी परत आले तोवर समिती येऊन, जेवून, खूश होऊन गेलीही होती.

"मॅडम, तुमच्या फुलाने बाजी मारली!" प्राचार्य व्हरांड्यातच म्हणाले. "समितीच्या अध्यक्षांनी सेल्फी घेतला."

मी बरणी पाहिली आणि वास आला. "सर, ह्यात काय घातलंय?"

"फॉर्मॅलिन. नवीन बाटली फोडली तुमच्यासाठी."

फॉर्मॅलिन आम्लधर्मी होतं आणि आम्लात चुना विरघळतो. हे आम्ही अकरावीला शिकवतो, अर्थशास्त्रवाल्यांना नव्हे. मी कोपऱ्यातून एक कण काढला, धुतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काड्या चघळून टाकलेल्या खडीसाखरेसारख्या झाल्या होत्या. पानं गेली होती. बऱ्याच ठिकाणी काहीच नव्हतं, नुसतं मांस.

प्राचार्य मागे उभे होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं असावं. "पण मॅडम," ते हळूच म्हणाले, "बाहेरून तर अगदी तशीच दिसतेय ना?"

"हो सर," मी म्हटलं. "बाहेरून आपल्याकडे सगळंच तसंच दिसतं."

त्यांना ते पटलं, त्यांनी मान हलवली. प्रॅक्टिकलची बॅच दाराशी येऊन उभी राहिली होती, त्यामुळे रडायला सवड नव्हती. झुरळाची पचनसंस्था शिकवली. संध्याकाळी भाट्याच्या पुलावर स्कूटर बाजूला लावून मी रडले. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येतंय असं समजून कुणी थांबलं नाही, ते बरं झालं.

घरी आल्यावर यजमानांनी फ्रिज उघडला आणि बाटली माझ्यासमोर धरली. "हा तुकडा चटणीत पडायच्या आत उचल. किती दिवस सांगतोय."

तो अंगठ्याएवढा तुकडा मी इतका वेळ विसरून गेले होते. त्यातल्या काड्या शाबूत असणार होत्या, पानांसकट. मी यजमानांना मिठी मारली. ते म्हणाले, "अगो, फ्रिजचं दार उघडं आहे."

पण एका तुकड्यावर नवी जात उभी राहत नाही. म्हाताऱ्या तज्ज्ञांनी अतीव सहानुभूती कळवली आणि पुढच्याच ओळीत नवी, पूर्ण वसाहत आणि मिळाल्याचं नेमकं ठिकाण मागितलं. म्हणून मी मिरकरवाड्याला गेले. ट्रॉलरचा मालक जेट्टीवर जाळी दुरुस्त करत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. फॉर्मॅलिनचं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे मुरवत ठेवलं आणि नासलं." इतकं अचूक वर्णन माझ्या लेखातही नाही.

"मला अजून एक हवंय," मी म्हटलं. "आणि जागा हवीये. अक्षांश, रेखांश, खोली."

"एक गावलं तर देईन. जागा नाय देणार."

"अरे, जागा छापावीच लागते. त्याशिवाय जात मानत नाहीत."

"मॅडम, ती जागा छापली तर दुसऱ्या दिवशी आख्खं बंदर तिथं जाऊन बसेल."

"त्या मासिकाला तुमच्या बंदरातला एक माणूसही हात लावत नाही."

"मग कोण वाचतं?"

"पाच-सहा जण असतील."

त्याने सुई बाजूला ठेवली आणि खऱ्याखुऱ्या काळजीने विचारलं, "मग लिहिता कशाला?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी विद्यापीठाला, संस्थेला आणि यजमानांना निरनिराळं देत आले होते. त्याच्यापुढे ह्यातलं एकही देता येईना. "कोणीतरी बघितलं तिला, एवढं नोंदलं जातं म्हणून," मी म्हटलं. त्याने चहा मागवला. चहा पिऊन झाल्यावर मी उठले, तोवर जागेचा विषय आमच्या दोघांपैकी कोणी काढला नाही.

मग पावसाळ्यातली बंदी आली, बोटी वर ओढल्या गेल्या, आणि मी पावसात बसून एका तुकड्याचं जितकं वर्णन करता येईल तितकं केलं. बंदी उठल्यानंतर बऱ्याच दिवसांनी पुन्हा थर्माकोलची पेटी आली. आत दोन होत्या, एक मोठी आणि एक लहान. लहानी तर अजून घट्ट मिटलेली होती.

"तुमच्यासाठी नाय गेलो," त्याने आधीच सांगून टाकलं. "कोळंबीसाठी गेलो. ही फुकट आली." आणि जाता जाता खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. पडद्यावर आकडे होते, अक्षांश, रेखांश, खाली खोली. "बघून घ्या. लिहिताना शेवटचा आकडा जरा गोल करा."

मी गोल केला. मासिकाच्या एका परीक्षकाने पुढे तक्रार केली की ठिकाण पुरेसं नेमकं नाही. मी उत्तर लिहिलं की माहिती देणाऱ्याच्या अटीनुसार आहे. त्यांना ते फार आवडलं. परदेशात अटी असलेल्या लोकांना मान असतो.

आता राहिला नावाचा प्रश्न. नव्या जातीला नाव द्यायचं असतं ही गोष्ट कॉलेजात कशी पसरली कोण जाणे, पण पसरली. माझ्याकडे आयुष्यात कधी इतकी माणसं आली नव्हती. ट्रॉलरच्या मालकाने सुचवलं की बोटीचं नाव द्या, बोटीला त्याच्या आईचं नाव होतं. यजमान म्हणाले, हापूस. मी म्हटलं, तिचा आंब्याशी काय संबंध? ते म्हणाले, "हल्ली कशालाही हापूस म्हणतात, कर्नाटकातून येतो त्यालासुद्धा." परदेशी तज्ज्ञांनी स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही. फक्त त्यांच्या आडनावावरून आतापर्यंत कोणकोणत्या जातींना नावं दिली गेली आहेत त्याची यादी, सहज म्हणून, पत्राला जोडली.

आणि मग संस्थेच्या अध्यक्षांचं बोलावणं आलं.

अध्यक्ष हे आमच्या कॉलेजात सर्वत्र आहेत. इमारतीच्या कोनशिलेवर, सभागृहाच्या दारावर, पाण्याच्या टाकीवर. समुद्रात मात्र अजून नव्हते. प्राचार्य मला घेऊन गेले. कोकम सरबत आलं, आणि प्राचार्यांनी प्रस्ताव मांडला की ह्या जीवाला साहेबांचं नाव दिल्यास संस्थेचा जगभर लौकिक होईल.

"मॅडम, प्राणी कसा आहे? जरा सांगा," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, मोठ्या माणसांचा असतो तसा.

मी खोटं बोलणार नव्हते आणि आगाऊपणाही करणार नव्हते. मी वर्ग घेते त्या सुरात सांगितलं. "साहेब, हा एकदा जागेला चिकटला की मरेपर्यंत सुटत नाही. स्वतः कुठे जात नाही. जे वाहत समोर येईल ते ओढून आत घेतो. त्यासाठी प्रत्येकाला आठ हात असतात."

"आठ हात!" अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. "म्हणजे अष्टभुजाच म्हणा की!"

"वा!" प्राचार्य म्हणाले.

"आणि वसाहत करून राहतो. एकाने खाल्लं की सगळ्यांच्या पोटात जातं. आतून सगळे जोडलेले असतात."

"म्हणजे संस्था!" अध्यक्ष हात उडवत म्हणाले. मी मान्य केलं. संस्थेचं ह्याहून चांगलं वर्णन माझ्या वाचनात नव्हतं.

"अजून?"

"अजून म्हणजे, अपृष्ठवंशी आहे. कणा नसतो."

पंख्याचा आवाज यायला लागला. प्राचार्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला. अध्यक्ष माझ्याकडे बघत राहिले, टोमणा आहे की शास्त्र आहे हे ठरवत. दोन्ही होतं, पण मी चेहऱ्यावर शास्त्र ठेवलं.

"कणा नाही म्हणजे... अजिबात?"

"अजिबात, साहेब. म्हणूनच मऊ म्हणतात."

बाहेर आल्यावर प्राचार्यांनी मला जिन्यात थांबवलं. "मॅडम, हे राहू दे आता. पण पुढच्या वेळी एखादा कणा असलेला बघा. मासा वगैरे. साहेबांना आवडेल."

नाव शेवटी मीच ठेवलं. लॅटिनमध्ये एक साधा शब्द आहे, त्याचा अर्थ उशिरा आलेली. ती सावकाश वाढते, अशा जीवांचं वय आपण समजतो त्याहून बरंच असतं. आणि मीही आयुष्यात पहिली नवी जात वर्णन केली ती निवृत्ती दिसायला लागल्यावर. प्राचार्यांना अर्थ कळला तेव्हा ते मस्टर उघडून बसले होते. "ह्यात मस्टरवरच्या शेऱ्यांबद्दल काही नाही ना?" त्यांनी विचारलं. "नाही सर," मी म्हटलं. थोडंसं होतं.

लेख छापायच्या आधी नमुना मोठ्या संग्रहालयात जमा करावा लागतो, नाहीतर जात कागदावरच राहते. मी मोठी वसाहत बरणीत घालून, बरणी टॉवेलात गुंडाळून गाडीने निघाले. समोरच्या बाईंनी विचारलं, "लोणचं का हो?" मी हो म्हटलं, कारण नाही म्हटल्यावर पुढे जे सुरू झालं असतं त्याची माझ्यात ताकद नव्हती. मग त्यांनी मला त्यांच्या सासूबाईंची माइनमुळ्याच्या लोणच्याची कृती सांगितली, जवळजवळ तीन बोगदे भरून.

संग्रहालयातल्या तरुण शास्त्रज्ञबाईंनी बरणी उजेडात धरली, अल्कोहोलची पातळी पाहिली, आत एक चिठ्ठी सोडली आणि झाकण लावलं. रांगेतल्या एका कपाटात इतर बरण्यांच्या मध्ये तिला जागा करून दिली. मी म्हटलं, "जरा थांबता का?" त्या थांबल्या. मी बघून घेतलं. माथ्यावरच्या काही नळ्या अल्कोहोलमध्येही उघड्या राहिल्या होत्या. जिथे अंधार होता, थंडी होती, जिथे तिने आपल्या वेगाने वाढत जायचं ठरवलं होतं, तिथून ती कोळंबीच्या जाळ्याला लागून थर्माकोलच्या पेटीत, कॉलेजात आणि आता ह्या कपाटात आली होती. तिची ओळख पटवायला तिला उपटावंच लागलं, आणि ती माझ्याच हाताने पटली. त्याबद्दल मला आनंद झाला होता, लाजही वाटत होती. दोन्हींपैकी कोणती जास्त, ते मला आजही सांगता येत नाही. शास्त्रज्ञबाईंना जेवायला जायचं होतं, म्हणून मी निघाले.

लेख आला. पाच-सहा जणांनी वाचला असावा. त्यांतल्या एकाने, म्हणजे त्या म्हाताऱ्या तज्ज्ञांनी, कळवलं की आकृत्या आता बऱ्या आहेत. मग ती बातमी वर्तमानपत्राला कुणीतरी पुरवली, आणि रत्नागिरीच्या प्राध्यापिकेने खोल समुद्रातली नवी वनस्पती शोधल्याचं साऱ्या जिल्ह्याला समजलं. सोबत माझा फोटो आणि शेजारी कुठल्यातरी उष्ण समुद्रातल्या रंगीबेरंगी खडकांचा, पट्ट्यापट्ट्यांच्या माशांसह. दिवसभर फोन आले. बरेचसे मंगळासाठी होते. आमच्या हेडक्लार्कनीच विचारलं की मुलीला कडक मंगळ आहे, तर ह्यातलं एक पोवळं अंगठीत बसवता येईल का. मी म्हटलं, हे मऊ आहे, अंगठीत बसत नाही. ते म्हणाले, "मग मुलालाही जरा मऊच बघावं लागेल."

कॉलेजात सत्कार झाला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की खोल समुद्रातला हा शोध संस्थेच्या पाठबळामुळे लागला. शाल माझ्या खांद्यावर घालताना प्राचार्य पुटपुटले, "मासा लक्षात ठेवा." ट्रॉलरचा मालक मागच्या रांगेत बसला होता. मी माझ्या भाषणात त्याचे आभार मानले, लेखात मानले होते तसेच. कार्यक्रम संपल्यावर तो भेटायला आला.

"आता त्या जागेवर जाळं नाय टाकत," त्याने सांगितलं.

मी एकदम भारावून गेले. "खरंच? तिच्यासाठी?"

"नाय. खाली खडक आहे, जाळं फाटलं. कोळंबी पण संपली." मग माझा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. "पण तुमच्यासाठी नाय टाकत असं लिहायचं असेल तर लिहा."

मी काही लिहिलं नाही. मला तेवढंही चाललं असतं, हे मात्र खरं.

पुढचा हंगाम आला. पडवीत आंब्याच्या पेट्या भरायचं काम चालू होतं, पेंढा, रद्दीचे कागद, खोके. मी उत्तरपत्रिका तपासत आत बसले होते. पुण्याचे एक जुने गिऱ्हाईक फोनवर होते, यजमानांचा आवाज आतपर्यंत येत होता. पेटी पोचली, आंबा छान आहे, भाव जास्त आहे, हे सगळं नेहमीसारखं झालं. मग त्यांनी काहीतरी विचारलं असावं, कारण यजमान थांबले.

"हो हो, रत्नागिरीच्याच त्या," ते म्हणाले. "पेपरात आला होता ना फोटो. समुद्रातलं काय ते... वनस्पती नव्हे हो, प्राणी. प्राणी आहे तो. आठ हात असतात, कणा नसतो. काड्यांवरून ओळखायचा असतो, काड्यांना पान असतं एका बाजूला." बरंच काही त्यांनी बरोबर सांगितलं. मी लाल पेन खाली ठेवलं.

पलीकडून आणखी काही प्रश्न आला.

"ओळखतो म्हणजे?" यजमान म्हणाले. "आमच्याकडेच राहतात त्या."